शेवभाजीचा व्हिडिओ किती वाजता टाकावा?

प्रश्न : नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातल्या एका गावात राहते. दोन वर्षांपासून यूट्यूबवर खान्देशी स्वयंपाकाचं चॅनेल चालवते आहे. १४० व्हिडिओ झाले, ३,८०० सबस्क्राइबर आहेत. दिवसभर घर, शेत, गुरं बघून रात्री सगळं आवरलं की एडिटिंगला बसते आणि अकरा-साडेअकराला व्हिडिओ टाकून झोपते. सकाळी उठून बघावं तर चाळीस-पन्नास व्ह्यूज. पुतण्या म्हणतो, काकू, संध्याकाळी सहालाच टाकायचा. ओळखीची एक चॅनेलवाली म्हणते, पहाटे पाचला टाक. कुणी रविवार सांगतं, कुणी गुरुवार. माझे बरेच बघणारे सुरत, नाशिक, पुण्याकडे गेलेले आपलेच लोक आहेत, थोडे दुबईचेही आहेत. नक्की किती वाजता टाकू? आणि जे जुने व्हिडिओ चालले नाहीत ते काढून चांगल्या वेळेला परत टाकले तर चालतील का?
— एक वाचक, अमळनेर तालुका

उत्तर : ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, कारण पत्र छापून येईपर्यंत तुम्ही ते करून बसाल अशी काळजी वाटते. एकही जुना व्हिडिओ काढू नका. व्हिडिओ काढला की त्याचे व्ह्यूज, त्याखालच्या कमेंट आणि त्याने जमवलेले पाहण्याचे तास सगळे जातात. जाहिरातीच्या कमाईसाठी जे १,००० सबस्क्राइबर आणि वर्षभरात ४,००० तास लागतात, त्या तासांत काढून टाकलेल्या व्हिडिओचे तास धरले जात नाहीत. नात्यागोत्याच्या व्हॉट्सॅप ग्रुपमध्ये फिरलेली लिंकही मरते. परत टाकलेला व्हिडिओ यूट्यूबच्या लेखी कोरा असतो, त्याला शून्यापासून सुरुवात करावी लागते. जुन्या व्हिडिओंचं काय करायचं ते पुढे सांगतो.

आता वेळेचं. यूट्यूबच्या स्वतःच्या मदत-पानावर स्पष्ट लिहिलेलं आहे की, व्हिडिओ कोणत्या वेळी प्रसिद्ध केला याचा त्याच्या दीर्घकाळच्या कामगिरीवर थेट परिणाम होतो असं दिसलेलं नाही. म्हणजे 'सहाला टाकला तर चालतो, सातला टाकला तर पडतो' असं काही नसतं. पहिला तास हुकला की व्हिडिओ मेला, हाही समज सोडून द्या. स्वयंपाकाचे व्हिडिओ तर शोधून शोधून वर्षानुवर्षे पाहिले जातात. पण पहिल्या एक-दोन दिवसांवर वेळेचा परिणाम नक्की होतो, आणि तुमच्या बाबतीत रात्री अकराची वेळ तीन वेगळ्या कारणांनी तुमचं नुकसान करते आहे. ती कारणं समजली की कुणाला वेळ विचारायची गरज पडणार नाही.

पहिलं कारण चित्राच्या स्पष्टपणाचं. व्हिडिओ चढवल्यावर यूट्यूब आधी त्याची कमी दर्जाची प्रत तयार करतं आणि ती लगेच दाखवायला लागतं. ७२०, १०८० ची स्वच्छ प्रत मागाहून तयार होते. व्हिडिओ लांब असेल तर त्याला बराच वेळ लागतो, आणि ४के असेल तर आणखीच. तुम्ही चढवल्या चढवल्या 'पब्लिक' करता, म्हणून पहिले जे चाळीस-पन्नास लोक येतात, तुमचे हक्काचे लोक, त्यांनाच सगळ्यात धुरकट व्हिडिओ दिसतो. शेवभाजीत बघायचं काय असतं? भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचं वाटण तेलात परतताना बाजूने तेल कधी सुटतं आणि तर्रीचा रंग कुठे थांबवायचा, हेच ना. तेच ३६० च्या चित्रात तपकिरी डाग होऊन जातं. बघणारी ताई वीस सेकंदांत पुढे सरकते, आणि 'हा व्हिडिओ लोक अर्ध्यात सोडतात' एवढीच नोंद यूट्यूबकडे राहते.

दुसरं कारण सूचनेचं. घंटी दाबलेल्या माणसाच्या मोबाइलवर सूचना रात्री साडेअकराला येते तेव्हा तो झोपलेला असतो. सकाळी उठतो तेव्हा तीवर 'सुप्रभात'च्या चित्रांचा, बँकेच्या आणि बातम्यांच्या सूचनांचा ढीग साचलेला असतो. सबस्क्राइबर झालेल्या सगळ्यांना तसंही सूचना जात नाहीत. ज्यांनी घंटीत 'ऑल' निवडलंय त्यांनाच त्या बहुतेक वेळा जातात, आणि तेही एका चॅनेलच्या चोवीस तासांत जास्तीत जास्त तीन. म्हणून एका दिवशी पाच शॉर्ट्स आणि एक मोठा व्हिडिओ टाकाल तर मोठ्याची सूचना उरणारच नाही.

तिसरं, पहिल्या दोन तासांत कुणीतरी विचारतं, 'शेव कधी टाकायची, पानात वाढताना की रश्श्यात उकळताना?' आणि तुम्ही झोपलेल्या असता. उत्तर लगेच मिळालं तर ते माणूस परत येतं, दुसरा प्रश्न विचारतं, आणि कमेंटखाली चार जणांचं बोलणं सुरू होतं. शिळ्या कमेंटला ती चव राहत नाही.

यावर उपाय सोपा आहे, आणि त्यासाठी तुमची दिनचर्या बदलायची गरज नाही. रात्री अकराला व्हिडिओ चढवणं चालू ठेवा, फक्त अकराला प्रसिद्ध करणं थांबवा. यूट्यूब अ‍ॅपमध्ये खालचं अधिक चिन्ह दाबून व्हिडिओ निवडा, नाव आणि वर्णन भरा, आणि 'व्हिजिबिलिटी'वर आलात की 'पब्लिक'ऐवजी 'शेड्यूल' निवडा. तारीख आणि वेळ विचारली जाते, ती भरा. एएम-पीएमकडे नीट बघा. दुपारी साडेतीनऐवजी पहाटे साडेतीन लागण्याची चूक फार लोकांकडून होते. ठरवलेल्या वेळेपर्यंत व्हिडिओ खासगी राहतो, म्हणून लिंक आधी ग्रुपवर टाकू नका, ती उघडणार नाही आणि लोक पुन्हा बघायला येणार नाहीत. सकाळी चहाच्या वेळी स्वतः व्हिडिओ उघडा, चाकाच्या चिन्हावर जाऊन क्वालिटी बघा. यादीत १०८० दिसलं म्हणजे स्वच्छ प्रत तयार झाली. चढवतानाच्या 'चेक्स'मध्ये मागच्या गाण्यामुळे कॉपीराइटची अडचण निघाली असेल तर तीही तुम्हाला लोकांच्या आधी कळते, आणि ते गाणं बदलायला हातात अख्खी सकाळ असते.

चढवताना 'मेड फॉर किड्स' ला 'नो' निवडलंय ना, हेही एकदा तपासून घ्या. 'लहान मुलांच्या डब्यासाठी' असा व्हिडिओ करताना कित्येक जणी भोळेपणाने तिथे 'येस' दाबतात. तो पर्याय खास मुलांसाठी केलेल्या व्हिडिओंचा आहे. तो लागला की त्या व्हिडिओच्या कमेंट बंद होतात आणि घंटीची सूचनाही जात नाही. मग कोणतीही वेळ निवडा, काही फरक पडत नाही.

चढवायला किती वेळ लागेल याचाही हिशोब ठेवा. १०८० चा दहा मिनिटांचा व्हिडिओ एडिटिंग अ‍ॅपमधून ८ एमबीपीएसने काढला तर फाइल साधारण ६०० एमबीची होते. गावात अपलोडचा वेग ४ एमबीपीएस मिळत असेल तर ती वीस मिनिटांत चढते. संध्याकाळी टॉवरवर गर्दी होऊन वेग १ वर आला तर तीच फाइल ऐंशी मिनिटं घेते. रात्री उशिरा किंवा पहाटे नेटवर्क मोकळं असतं, म्हणून तुमची अकराची वेळ चढवायला उलट चांगलीच आहे. दिवसाला दीड जीबीचा रिचार्ज असेल तर चढवलेली फाइलही त्यातूनच कापली जाते, आणि तो कोटा रात्री बाराला नव्याने सुरू होतो, हे ध्यानात ठेवून बारानंतर फाइल लावून झोपलं तरी चालेल. फक्त मोबाइल चार्जिंगला हवा आणि बॅटरी-सेव्हर बंद हवा, नाहीतर स्क्रीन बंद झाली की काही मोबाइल अपलोड मध्येच थांबवतात.

आता तुमचे बघणारे केव्हा जागे असतात ते बघू. यूट्यूब स्टुडिओ हे वेगळं अ‍ॅप घ्या. त्यात 'अ‍ॅनालिटिक्स' मध्ये 'ऑडियन्स' असा भाग आहे. खाली जाल तर 'व्हेन युअर व्ह्युअर्स आर ऑन यूट्यूब' नावाचा जांभळ्या पट्ट्यांचा तक्ता दिसेल. सात वारांचे सात उभे रकाने, प्रत्येकात तासातासाच्या चौकटी. जांभळा रंग जितका गडद तितके तुमचे बघणारे त्या तासाला यूट्यूबवर जास्त. वेळ तुमच्या इथलीच असते, काही बदलून मोजायला नको.

हा तक्ता वाचताना दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे, हे लोक त्या तासाला यूट्यूबवर आहेत एवढंच तो सांगतो. ते काय बघतायत ते तो सांगत नाही. रात्री नऊ-दहाला जवळजवळ सगळ्यांचाच तक्ता गडद असतो, पण त्या वेळी घरातला मोबाइल मालिकेला, गाण्यांना, क्रिकेटला लागलेला असतो. स्वयंपाक उरकलेला असतो, भांडी घासून झालेली असतात. तेव्हा शेवभाजी बघून करायचं काय? दुसरी चूक अशी की, हा तक्ता फक्त गेल्या २८ दिवसांचा असतो. मे महिन्यात बघितलेला तक्ता जुलैत कामाचा नाही. आपल्याकडे तर अजिबात नाही. जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ वर गेला की बारा ते चार कुणी उंबरा ओलांडत नाही, पंख्याखाली मोबाइल असतो, आणि दुपारच्या चौकटी गडद होतात. मृग लागला, पेरणीची आणि मग निंदणीची कामं निघाली की त्याच ताया संध्याकाळपर्यंत वावरात असतात. म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला तक्ता उघडून स्क्रीनशॉट काढून ठेवा. वर्षभराचे बारा स्क्रीनशॉट जवळ असले की तुमच्या बघणाऱ्यांचं वर्ष तुम्हाला तोंडपाठ होईल.

स्वयंपाकाच्या व्हिडिओला खरी वेळ कोणती, यावर आमचं मत ठाम आहे: माणूस जेवतो ती वेळ नको, 'आज काय करू' हा प्रश्न पडतो त्याच्या थोडं आधीची वेळ हवी. रोजच्या पदार्थांना, म्हणजे शेवभाजी, पातोडीचा रस्सा, फौजदारी डाळ यांना, दुपारी तीन ते चार ही वेळ चांगली. चारला सूचना दिसली, पाचला ठरलं, सहाला कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव किलो तिखट शेव आणली, असा तो क्रम जमतो. सुट्टीच्या पदार्थांना एक दिवस आधी जागा द्या. वरण-बट्टी किंवा भरीत रविवारी करायचं तर शनिवारी संध्याकाळी सहा-सातला व्हिडिओ दिसायला हवा, म्हणजे रविवारच्या बाजारात पिशवीत वांगी पडतात. रविवारी दुपारी बाराला टाकलेला भरिताचा व्हिडिओ लोक जेवून उठल्यावर बघतील.

सुरत, नाशिक, पुणे यांच्यासाठी घड्याळ बदलायला नको, पण तिथल्या दिवसाची ठेवण बघायला हवी. उधना, लिंबायतकडे राहणाऱ्या आपल्या लोकांच्या घरात एखादा माणूस यंत्रमागावर असतो, आणि तिथली पाळी बहुतेक ठिकाणी बारा तासांची. सकाळ-संध्याकाळ पाळी बदलते त्या वेळी त्या घरात डबा, अंघोळ, धावपळ असते. त्या घरच्या बाईला फुरसत मिळते ती दुपारी. म्हणजे तुमची तीन-चारची वेळ त्यांनाही सोयीची. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, आपले साडेचार म्हणजे तिथले तीन. तिथे २०२२ पासून सरकारी सुट्टी शनिवार-रविवारची झाली, त्यामुळे शनिवारचा व्हिडिओ त्यांनाही बसतो. थोडेच लोक असतील तर त्यांच्यासाठी वेगळी वेळ काढण्याचा खटाटोप करू नका. कॉम्प्युटरवर स्टुडिओ उघडून 'अ‍ॅडव्हान्स्ड मोड'मध्ये 'जिऑग्राफी' बघितलंत तर कुठून किती ते कळेल, अंदाज बांधायला नको.

यानंतर एक गोष्ट तपासा, कारण बाकी सगळं तिच्यावर ठरतं. अ‍ॅनालिटिक्समध्ये 'कंटेंट' भागात लोक व्हिडिओपर्यंत कसे पोचले त्याची टक्केवारी दिसते. तुमचे बहुतेक व्ह्यूज 'यूट्यूब सर्च' मधून येत असतील, म्हणजे लोक 'खान्देशी शेवभाजी' असं लिहून शोधतात आणि तुम्ही सापडता, तर घड्याळाची फार चिंता करू नका. तिथे व्हिडिओचं नाव काम करतं: पदार्थाचं नाव आधी, 'खान्देशी' नंतर, आणि नावात किंवा वर्णनात लोक बोलतात तसे दोन्ही शब्द, 'शेवभाजी' आणि 'शेव भाजी'. 'ब्राउज फीचर्स' आणि 'नोटिफिकेशन्स' मधून जास्त येत असतील तर वेळ पाळणं तुमच्या फायद्याचं, कारण ते लोक तुम्हाला शोधत नव्हते, अ‍ॅप उघडलं तेव्हा तुम्ही समोर होता. आणि 'एक्स्टर्नल' मोठं असेल तर ते बहुधा व्हॉट्सॅप आहे. मग ग्रुपवर लिंक कधी टाकता तीच तुमची खरी वेळ. व्हिडिओ साडेतीनला सुरू होत असेल तर लिंक चार वाजता टाका, म्हणजे तोपर्यंत सगळं नीट चालतंय याची खात्री झालेली असते. लिंकसोबत दोन ओळी आहिराणीत लिहा. नुसती निळी लिंक कुणी उघडत नाही.

वेळ बदलूनही काही होत नसेल तर दोष बहुधा वेळेचा नाही, तो दुसरीकडे शोधावा लागेल. 'इम्प्रेशन्स क्लिक-थ्रू रेट' बघा, म्हणजे व्हिडिओचं चित्र जितक्या वेळा समोर आलं त्यातल्या किती टक्के वेळा लोकांनी ते दाबलं. यूट्यूब सांगतं की निम्म्या चॅनेल्स आणि व्हिडिओंचा हा आकडा २ ते १० टक्क्यांच्या मध्ये असतो. तुमचा सतत २ च्या खाली असेल तर चित्र आणि नाव लोकांना थांबवत नाही. आणि व्हिडिओच्या आलेखात ०:३० ला किती टक्के लोक उरतात ते बघा. तिथेच उभी घसरण असेल तर सुरुवातीचं 'नमस्कार मैत्रिणींनो, कशा आहात' कापून टाका आणि पहिल्याच दृश्यात कढईतली तर्री दाखवा.

आता कोणती वेळ खरी चालते, ते कुणाचंही न ऐकता तुम्ही स्वतः पडताळून बघा. आठ आठवडे घ्या, आठवड्याला दोन व्हिडिओ, बुधवार आणि शनिवार. दोनच वेळा ठरवा, समजा दुपारी साडेतीन आणि रात्री आठ. पहिल्या आठवड्यात बुधवारी साडेतीन, शनिवारी आठ. दुसऱ्या आठवड्यात उलट. असं आलटून पालटून केलं की प्रत्येक वेळेला आठ व्हिडिओ मिळतात आणि त्यात वाराचा फरक मिसळत नाही. पदार्थही जोडीने लावा: एका वेळेला रस्सा तर दुसऱ्या वेळेलाही रस्सा, एकीकडे गोड तर दुसरीकडेही गोड. सगळे सोपे पदार्थ दुपारी आणि सगळे अवघड रात्री गेले तर पडताळणी वाया गेली. प्रत्येक व्हिडिओ प्रसिद्ध झाल्याच्या आठव्या दिवशी, त्याच वेळेला, व्ह्यूजचा आकडा वहीत लिहा. पहिल्या दोन तासांचे आकडे लिहू नका, ते फसवतात.

मग सरासरी काढू नका, मधला आकडा काढा. समजा दुपारच्या आठ व्हिडिओंचे आकडे असे आले: ३१०, २८०, ४५०, १९००, ३६०, २९०, ४००, ३३०. सरासरी येते ५४०, आणि तुम्हाला वाटेल दुपार जोरात आहे. पण १९०० वाला एकच व्हिडिओ कुठल्यातरी मोठ्या ग्रुपवर फिरला असेल. आकडे चढत्या क्रमाने लावा: २८०, २९०, ३१०, ३३०, ३६०, ४००, ४५०, १९००. मधले दोन ३३० आणि ३६०, त्यांच्या मधला ३४५. हा तुमच्या दुपारचा खरा आकडा. रात्रीचा असाच ३२० आला तर दोन्ही वेळा सारख्याच समजा आणि तुम्हाला सोयीची आहे ती धरा. ६०० आला तर आमचं 'दुपारी तीन-चार' हे मत बाजूला ठेवा आणि रात्री आठ धरा. तुमच्या बघणाऱ्यांचा कौल आमच्यापेक्षा मोठा.

वहीत लिहायला सांगण्याचं आणखी एक कारण आहे. अ‍ॅनालिटिक्समधला 'दिवस' आपल्या मध्यरात्री सुरू होत नाही, तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेने मोजला जातो. मार्च ते नोव्हेंबर तिथला दिवस आपल्या दुपारी साडेबाराला सुरू होतो, हिवाळ्यात दीडला. त्यामुळे सकाळी दहाला टाकलेल्या व्हिडिओचा 'पहिला दिवस' अडीच-साडेतीन तासांचाच दिसतो आणि दुपारी चारला टाकलेल्याचा वीस-एकवीस तासांचा. हे माहीत नसल्यामुळे कित्येक जण 'सकाळ चालत नाही' असा निष्कर्ष काढून बसतात. तासातासाचा अंदाज हवा असेल तर 'रिअलटाइम'मधल्या ४८ तासांच्या पट्ट्या बघा.

घड्याळाचं एवढं झालं. पण ताई, तुमच्या विषयाला घड्याळापेक्षा पंचांग जास्त लागू आहे, आणि या बाजूकडे कुणी लक्ष देत नाही याचं वाईट वाटतं. खान्देशी स्वयंपाक सगळा हंगामाचा आहे. कुरडयांचा व्हिडिओ घ्या. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, मग चीक काढायचा, मग कडक ऊन हवं. म्हणजे बघणारीला चार-पाच दिवस आधी कळायला हवं, आणि त्याआधी गहू आणायला हवा. पुण्याच्या फ्लॅटमधली सून तर सासूला फोन करून विचारणार, मग ठरवणार. बिबडी, पापड, कुरडया यांचे व्हिडिओ फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात यायला हवेत. एप्रिलच्या शेवटी टाकलेला कुरडयांचा व्हिडिओ डबे भरून माळ्यावर गेल्यावर येतो.

आखाजीचंही (अक्षय्य तृतीयेचंही) तसंच. सांजोऱ्या, पुरणाचे मांडे, आमरस हे सणाच्या तीन-चार आठवडे आधी चॅनेलवर असू द्या, कारण शोधात वर यायला व्हिडिओला थोडा काळ आणि थोडे बघणारे लागतात. सणाच्या आदल्या दिवशी लोक शोधतील तेव्हा तो आधीच तिथे बसलेला हवा. मांडे खापरावर टाकताना दोन्ही हातांवर तो कसा फिरवून मोठा करायचा, हा दहा सेकंदांचा तुकडा वेगळा काढून शॉर्ट म्हणून आखाजीच्या आठवड्यात टाका. माहेरी आलेल्या मुली तो एकमेकींना पाठवतील.

कानबाई या खान्देशी देवीचे रोट श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी. त्या आठवड्यात सुरतेहून येणाऱ्या गाड्या भरलेल्या असतात, नंदुरबार-दोंडाईचा-अमळनेर लाइनीवर उभं राहायला जागा नसते. जे येऊ शकत नाहीत ते तिकडेच कानबाई बसवतात आणि विधी-नैवेद्य विचारत फिरतात. त्यांच्यासाठी रोटाचा व्हिडिओ आषाढातच टाका, दळण कसं आणि किती घ्यायचं इथपासून सांगा. भरिताला चंपाषष्ठी हा मुहूर्त आहे. ज्या घरांत चातुर्मासात वांगं खात नाहीत, त्यांचं वांगं त्या दिवशी सुरू होतं. त्याच्या दोन-तीन आठवडे आधी व्हिडिओ येऊ द्या, आणि वांगी बामणोदकडची असोत वा आणखी कुठली, ती पऱ्हाट्यांवर (कपाशीच्या वाळक्या काड्यांवर) भाजताना आणि बडगीत, म्हणजे लाकडी उखळात, ठेचताना जवळून दाखवा. गॅसवर भाजलेलं भरीत सगळीकडेच दिसतं.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. लाइव्ह करायचं असेल तर तिथे मात्र वेळ हेच सर्वस्व, कारण बघणारा त्या क्षणी हजर हवा. तक्त्यातला सगळ्यात गडद तास धरा, दोन दिवस आधी सांगा, आणि पहिल्यांदाच करत असाल तर आदल्या दिवशीच लाइव्ह चालू करण्याची परवानगी घ्या, तिला चोवीस तासांपर्यंत लागू शकतात. प्रीमियर, म्हणजे तयार व्हिडिओ ठरल्या वेळी सगळ्यांनी एकत्र बघणं, आत्ता नको. उलटी मोजणी चालू असताना गप्पा मारायला पाच-पन्नास माणसं येत नाहीत तोवर तो रिकाम्या मांडवासारखा दिसतो. शॉर्ट्सला वेळेचं बंधन सगळ्यात कमी, ते कित्येक दिवस फिरत राहतात, फक्त सूचनांची तीनची मर्यादा लक्षात ठेवा. लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ, गणपती विसर्जन, भारताचा अंतिम सामना, हे दिवस टाळा. इन्स्टाग्रामवर प्रोफेशनल अकाउंट केलंत तर तिथेही 'मोस्ट अ‍ॅक्टिव्ह टाइम्स' दिसतात. ते आकडे यूट्यूबला लावू नका, दोन्हीकडची माणसं वेगळी असतात.

आणि त्या जुन्या १४० व्हिडिओंचं. यादी काढा, प्रत्येकापुढे त्याचा महिना लिहा. त्या महिन्याच्या तीन आठवडे आधी त्या व्हिडिओचं नाव आणि चित्र सुधारा, वर्णनात साहित्याचं प्रमाण लिहा, आणि चॅनेलच्या कम्युनिटी पोस्टमध्ये आणि ग्रुपवर त्याची लिंक दुपारी चारला टाका. व्हिडिओ तोच राहतो, त्याचे व्ह्यूज आणि कमेंट तशाच राहतात. ही सुधारणा एका दिवशी सगळ्यांना करू नका, आठवड्याला तीन-चारच घ्या आणि तारीख वहीत लिहा, म्हणजे कशामुळे फरक पडला ते कळेल. सुरुवात ज्या पदार्थाचा हंगाम सगळ्यात जवळ आहे त्यापासून करा.